शेऱ्याचा रकाना

अण्णा,

परवा तुमच्या दशक्रियेला नदीकाठी प्रवचन संपलं आणि माइकवर एकेकाची श्रद्धांजली सुरू झाली. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, तुमचे येवल्याचे मेहुणे बोलता बोलता रडले. मग कुणीतरी पुकारलं, "अण्णांच्या कॉलेजातल्या मॅडम नाशिकहून आलेल्या हायेत. त्यांनी दोन शब्द बोलावेत." मी उठले. वर्गात तास-तासभर न थांबता बडबडणारी बाई मी, त्या माइकसमोर मला जेमतेम चार वाक्यं सुचली. सुकदेवअण्णा देवरे आमच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. हात कसबी होता. स्वभाव मनमिळाऊ होता. माणूस प्रामाणिक होता. एवढं बोलून बसले. शेजारच्या बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांना वाटलं, मला भरून आलंय.

भरून आलं नव्हतं, अण्णा. लाज वाटत होती. 'प्रामाणिक' हा शब्द तुमच्याबद्दल माझ्या तोंडून निघायला चौदा वर्षं लागली, आणि निघाला तेव्हा ऐकायला तुम्ही नव्हता. चौदा वर्षांपूर्वी मीच तुम्हाला सगळ्यांदेखत खोटं ठरवलं होतं. दोन-तीन आठवड्यांत मला कळलं की खरे तुम्हीच होता. ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं, असं मी स्वतःला आजवर सांगत आले. राहून वगैरे काही गेलं नाही. मी सांगितलं नाही.

आता सगळं पहिल्यापासून सांगते. तुम्हाला ठाऊक आहे तेही सांगते, कारण माझ्या तोंडून तुम्ही ते कधीच ऐकलं नाही.

मी तेव्हा नवी नवी लेक्चरर होते आणि माझी पीएचडी चालू होती. नाकावर राग, बोलण्यात पुण्याचा तोरा आणि हातात झेरॉक्सचा गठ्ठा. विषय होता धातूचा थकवा. अॅल्युमिनियमच्या पट्टीला मध्ये बारीक खाच पाडायची, मशीनच्या दोन जबड्यांत ती धरायची आणि ओढ-सोड, ओढ-सोड करत राहायचं, लाखो वेळा. एका ओढीने पट्टीला काही होत नाही. पण लाख ओढींनंतर खाचेच्या टोकातून चीर सुटते आणि केसाकेसाने पुढे सरकते. विमानाचा पत्रा असाच थकतो. किती ओढींत चीर किती सरकली, ते मोजायचं, एवढंच माझं काम. माझं कसलं, तुमचंच. दर पाच हजार फेऱ्यांनी, म्हणजे साधारण पाऊण तासाने, तुम्ही मशीन थांबवायचात, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचात आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतचा आकडा वहीत लिहायचात. पट्टी आधी आरशासारखी घासून ठेवायचात, तीही सासुरवाडीहून आणलेल्या रेशमाच्या चिंध्यांनी. पैठणी विणून उरलेलं रेशीम अॅल्युमिनियमवर घासणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. वहिनी त्यावरून तुमच्याशी भांडायच्या म्हणे.

पहिल्याच आठवड्यात मी फजिती करून घेतली. मशीन बंद केलं, लोड काढला आणि चीर शोधायला लागले. कुठेच दिसेना. पट्टी चकचकीत, अखंड. मी घाबरले, म्हटलं, कालपर्यंत होती ती गेली कुठे? तुम्ही मागून आलात आणि हसलात.

"ताई, अशी नाय दिसायची ती. ओढून धरा, मंग बघा."

तुम्ही लोड दिलात आणि तिथेच काळी रेघ उमटली.

"सैल सोडली का तोंड मिटून घेती. मिटली म्हंजे बरी झाली असं नाय."

चीर मिटते कशी, केव्हा मिटते आणि मिटल्यावर तिची वाढ कशी मंदावते, हाच तर माझा विषय होता. त्यावरचे पन्नासएक लेख मी रंगीत पेनने रेघा मारून वाचले होते. तुम्ही एकही वाचला नव्हता. मला तेव्हा गंमत वाटली, थोडा हेवाही वाटला. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी तुमचं वाक्य सांगून सगळ्यांना हसवलं. प्रेमानेच, पण हसवलंच.

आणि ती वही. तिला पाच रकाने होते. वेळ, फेऱ्या, चिरेची लांबी, शेरा आणि शेवटी तपासणाऱ्याची सही. पहिले तीन तुम्ही निळ्या पेनने भरायचात. शेऱ्याचा रकाना मात्र पेन्सिलने, बारीक अक्षरात. लोक तिथे 'ठीक' लिहितात नाहीतर तो कोराच सोडतात. तुम्ही लिहायचात, 'आज फार उकाडा. तेल गरम.' 'चिरेला डावीकडे फाटा फुटला, पुढे परत मिळाला.' 'मोठे साहेब पाहुणे घेऊन आले. पाहुण्यांनी मशीनला हात लावला.' मी तुम्हाला किती छळलं त्यावरून! "अण्णा, ही वही आहे की रोजनिशी? रिटायर झाल्यावर कथासंग्रह काढायचाय का?"

तुम्ही शांतपणे म्हणायचात, "ताई, किती सरकली ते आकडा सांगतो. त्या टायमाला काय झालं व्हतं ते कोण सांगंल?"

मी ऐकून सोडून द्यायची. संध्याकाळी कॉम्प्युटरवर मी फक्त आकडे चढवायची. माझी नजर तिसऱ्या रकान्यावरून थेट सहीच्या रकान्यावर उडी मारायची. एकदा तर मी गप्पा मारता मारता एका दमात पानभर सह्या ठोकल्या, तेव्हा तुम्ही वही माझ्यापुढून ओढून घेतलीत. "न बघता सही नका करू, ताई. सही म्हंजे बघितलं." वयाने मोठे आणि हुद्द्याने लहान असलेल्या माणसाने कसं बोलावं ते तुम्हाला फार चांगलं जमायचं. मी मुकाट्याने उठून एक रीडिंग पाहिलं आणि मग सह्या केल्या. एकच पाहिलं, पण पाहिलं.

मग तो आठवडा आला.

गुरुवारी आणि शुक्रवारी मी माझ्या गाइडना भेटायला पुण्याला गेले होते. प्रयोग अगदी मोक्याच्या जागी आला होता, चीर छान एकसारखी वाढत होती. दर रीडिंगला साधारण पंधरा भाग पुढे. मी तुम्हाला बजावून गेले होते, एकही रीडिंग चुकवू नका. शनिवारी सकाळी आले, पदर खोचून वही उघडली. गुरुवारी दुपारी २३.४६. त्याच्या खाली २३.४६. त्याच्या खालीही तेच. शुक्रवारचं अख्खं पान २३.४६. पंधरा ओळी, एकच आकडा.

मशीन शेजारी चालूच होतं. सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख, आणि दोन लेक्चरर चहा घेत उभे होते. मी आवाज खाली ठेवायला हवा होता. ठेवला नाही.

"अण्णा, हे काय आहे?"

"हलली नाही, ताई."

"पंधरा वेळा?"

"पंधराही वेळा बघितलं. थांबेल शे ती."

'थांबेल शे', म्हणजे थांबली आहे; तुम्ही गडबडलात की घरची अहिराणी बाहेर यायची. मला ते माहीत होतं. तुम्ही का गडबडलात, याचा अर्थ मात्र मी मला हवा तसा लावला.

"लोड तोच, मशीन तेच, आणि चीर दमली म्हणून खाली बसली का?"

"ताई, एकदा डोळा लावा. मी ओढून धरतो, तुम्ही फक्त बघा."

"मला बघायची गरज नाही. काय झालंय ते मला दिसतंय. खुर्चीत बसल्या बसल्या आकडे उतरवायचे असतील ना अण्णा, तर ते घरी बसूनही उतरवता येतात."

कुणी चहाचा घोटही घेतला नाही.  खिशातून ती रेशमाची चिंधी काढलीत, सूक्ष्मदर्शकाची काच पुसलीत, तिच्यावर टोपण बसवलंत. मग म्हणालात, "वहीत सगळं लिहिलंय, मॅडम."

मॅडम. कॉलेजात सगळेच मला मॅडम म्हणायचे. तुम्ही एकटे ताई म्हणायचात. त्या सकाळपासून ते गेलं ते गेलंच.

सरांनी तुम्हाला त्याच दिवशी वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये पाठवलं. वर लेखी काही नको, माणूस जुना आहे, असं म्हणाले. मला ते फार उदार वाटलं, आणि आपणही उदार आहोत असं वाटलं.

तेव्हा मी एकदा डोळा लावला असता तर? आज मला सगळ्यात जास्त हेच डाचतं. चीर खरोखर कुठे आहे हे पाहायला अर्धं मिनिट लागलं असतं. तुम्ही आकडे बसून उतरवले असते, तर चीर दोन मिलिमीटर तरी पुढे निघून गेलेली दिसली असती. ती २३.४६ वरच असती, तर तुम्ही खरे. दुसरा काही हिशोबच नव्हता. पण मी डोळा लावला नाही, कारण मला खात्री होती. खात्री कशाची, ते आज सरळ लिहिते. तुमच्या जागी एखादा एम.टेक. झालेला पोरगा असता, तर मी आधी मशीनवर संशय घेतला असता, मग लोडवर, मग पट्टीवर, आणि माणसावर अगदी शेवटी. तुमच्या बाबतीत मी सुरुवातच माणसापासून केली.

शनिवारी अर्धा दिवस मशीन तसंच चालत राहिलं, रीडिंग घ्यायला कुणी नव्हतं. सोमवारी मी स्वतः बसले. चीर २३.७१ वर होती. मी जवळजवळ टाळीच वाजवली. सरांना जाऊन सांगितलं, "बघा, मी बसले आणि हलली." सर हसले. मी किती वेडी! चीर एवढ्या फेऱ्यांत जिथे तीन मिलिमीटर पुढे हवी होती, तिथे पाव मिलिमीटर सरकली होती. पहिलीच्या मुलालाही जमावी अशी वजाबाकी. मी ती केली नाही. आकडा हलला, माझं खरं ठरलं, बस्स.

पट्टी तुटली तेव्हा मी तिचे दोन तुकडे सवयीने सूक्ष्मदर्शकाखाली धरले. तुटलेल्या काठावर चीर जशी सरकली तशी खूण राहते, तेवढी बघायची होती. सगळा काठ करडा, एकसारखा. मधेच एक काळपट आडवी रेघ होती. चिरेचे दोन्ही काठ तिथे बराच वेळ एकमेकांवर घासले होते. मी ती रेघ कुठे आहे ते मोजलं. २३.४६.

मी तुकडे खाली ठेवले. कपाटातून वही काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा शेऱ्याचा रकाना वाचायला बसले.

'२-१० ला लाईट गेली. २-३५ ला आली. आली तेव्हा मशीनने जोरात झटका दिला. पट्टी ओढली गेली. तपासावे.'

त्याच्या खाली, 'हलली नाही.'

'पुन्हा पाहिले. हलली नाही.'

'चष्मा पुसून पाहिले. हलली नाही.'

'लोड तपासला. बरोबर आहे. हलली नाही.'

'दुसऱ्या बाजूने पाहिले. त्या बाजूलाही हलली नाही.'

असं पंधरा ओळी. एकाही ओळीत तुम्ही नुसतं 'वरीलप्रमाणे' लिहिलेलं नाही. दर वेळी नव्याने पाहिलंत आणि नव्याने लिहिलंत.

काय झालं होतं, ते मला ती पहिली ओळ वाचताच कळलं. जोराच्या एका ओढीने चिरेच्या टोकापुढचा धातू कायमचा ताणला जातो. ओढ कमी झाली की त्या ताणलेल्या धातूला मावायला जागा पुरत नाही, आणि तो चिरेचं तोंड दाबून धरतो. मग नेहमीच्या ओढीला ते तोंड धड उघडत नाही, आणि ते उघडलं नाही तर चीर पुढे जात नाही. तेवढा ताणलेला भाग कणाकणाने ओलांडेपर्यंत ती तिथेच. याच्यावर मी पन्नास लेख वाचले होते, अण्णा. रंगीत रेघा मारून. मी पुण्यात गाइडसमोर बसून हेच समजावून सांगत होते, आणि त्याच दुपारी नाशिकला तुमच्या डोळ्यासमोर ते घडत होतं.

त्या दिवशी मी उठले आणि वर्कशॉपकडे निघाले. शंभर पावलांचं अंतर. तुम्ही स्टोअरच्या खिडकीत उभे राहून मुलांना कानशी वाटत होता. मुलं गेली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी तोंड उघडलं आणि तोंडातून काय निघालं? "हॅक्सॉचं एक ब्लेड मिळेल का?"

तुम्ही ब्लेड दिलंत. मग स्टोअरचं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलंत. "हितं सही करा, मॅडम."

मी सही केली. नको असलेलं ब्लेड घेऊन शेपूट घालून परत आले.

सरांना मात्र मी सांगितलं. ते म्हणाले, "आता देवरे तिकडे रुळलाय. उगाच जुनं कशाला उकरता?" मला तेच हवं होतं. मोठ्या माणसाने नको म्हटलं की आपला भित्रेपणा शहाणपणासारखा दिसतो. आणि पुढचं तर तुम्हाला माहीतही नसेल. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण त्या पंधरा आकड्यांवर उभं आहे. अपघाताने मिळालेला झटका आणि त्यानंतर थबकलेली चीर. परीक्षकांनी नेमकं तेच प्रकरण वाखाणलं. म्हणाले, एवढी सलग रीडिंग सहसा मिळत नाहीत, माणसं कंटाळून मधली सोडून देतात. मी हसून मान हलवली. आभाराच्या पानावर लिहिलंय, 'प्रयोगशाळेतील कर्मचारीवर्ग.' तो वर्ग म्हणजे तुम्ही.

तुम्ही रिटायर होऊन गावी, कळवणला गेलात. मग पाचेक वर्षांपूर्वी एका दुपारी गंगापूर रोडच्या माझ्या फ्लॅटची बेल वाजली. दारात तुम्ही, हातात तुमच्या लेकीच्या, मंगलच्या लग्नाची पत्रिका आणि पिशवीभर डाळिंबं. मी चहा केला. वहिनींचे गुडघे, बाग, कांदा, पाहुणेमंडळी, सगळ्याची विचारपूस झाली. निघताना तुम्ही चपला घालता घालता थांबलात.

"मॅडम, एक विचारू? तो तुकडा तुटला तव्हा आतून बघितला व्हता का?"

"कुठला, अण्णा?"

कुठला, म्हणे! माझ्या आयुष्यात तुकडा एकच होता.

"त्योच. ती थांबली व्हती ना तिथं?"

तुमच्या पाठीमागे, चार हातांवर, कपाटात माझा प्रबंध होता. काळ्या कापडाची बांधणी, सोनेरी अक्षरं. तो काढून चौथं प्रकरण उघडून तुमच्यापुढे धरायचं, एवढंच करायचं होतं. इंग्रजी वाचता आलं नसतं तरी तुमचे आकडे तुम्ही लगेच ओळखले असते.

मी म्हणाले, "आता काही आठवत नाही, अण्णा. फार जुनं झालं. बघावं लागेल."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. सूक्ष्मदर्शकात पाहताना तुम्ही एक डोळा जरासा बारीक करायचात, तसं. मग म्हणालात, "बघा सवडीनं. घाई नाय."

सगळ्यांदेखत बोलले ते रागात बोलले, असं तरी म्हणता येईल. हे मी थंड डोक्याने, चहाचा कप हातात धरून बोलले. त्या लग्नाला मी आले नाही. कॉलेजच्या तपासणीचं निमित्त सांगून अहेर पोस्टाने पाठवला. तुमची सवड पाच वर्षं चालली आणि बारा दिवसांपूर्वी संपली.

मला वाटत होतं, माझ्या लाजेची हद्द इथेच आहे. परवा कळलं, की नाही.

दशक्रियेनंतर जेवणं चालू होती. मंगल माझ्याजवळ येऊन बसली. तुमच्यासारखीच उभट चेहऱ्याची, बोलताना समोरच्याकडे थेट पाहणारी. म्हणाली, "मॅडम, अण्णा तुमचं नाव लय काढायचे. त्या डोळ्यांनी दगा दिला नसता ना, तर ते लॅबमधूनच रिटायर झाले असते."

"डोळ्यांनी?"

"नजर अधू झाली नव्हती का? आकडे चुकायला लागले म्हणून मीच साहेबांना सांगून वर्कशॉपला गेलो, असं म्हणायचे ते. तेव्हापासून आईनं त्यांना कधी सुईत दोरा ओवू दिला नाही. भाऊ गाडीला हात लावू द्यायचा नाही." मग ती थोडी हसली, रडवेलं. "एक वर्षी म्हणाले, डाळिंबावर डाग दिसतोय, फवारा. आम्ही म्हटलं, अण्णा, तुम्हाला काय दिसणार! डाग होता, मॅडम. निम्मी बाग काढावी लागली. तरी एका शब्दानं बोलले नाहीत."

मी तिला काय म्हणाले असेन? "हं," म्हणाले.

माझ्या हातात पत्रावळ होती, ती मी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. तुमची नजर म्हणजे तुमचा सगळा अभिमान. मिलिमीटरचा शंभरावा भाग अचूक टिपणारा माणूस घरी जाऊन म्हणाला, मला दिसत नाही. कारण दुसरं कारण सांगायचं म्हणजे, माझ्यावर खोटेपणाचा आळ आला, असं सांगावं लागलं असतं. मग कुणी घेतला, तेही आलं असतं. तुम्ही मला वाचवलंत की स्वतःला, ते मला कळत नाही. विचारायची सोय उरली नाही. पण चौदा वर्षं तुम्ही आपल्या घरात, आपल्या माणसांत, दिसत असून न दिसणारे झालात, ते माझ्या एका वाक्यामुळे.

मला रागही येतो तुमचा, अण्णा. भांडायचंत तरी! माझ्या पुढ्यात वही आपटायचीत. "वहीत लिहिलंय" एवढंच म्हणून गेलात आणि मी वाचेन म्हणून वाट बघत बसलात. माझ्यासारखीला कुणी एवढा वेळ देतं का? पुन्हा वाटतं, तुमच्यापाशी दुसरं काय होतं? तुम्ही पाहिलंत ते लिहिलंत. त्यापुढचं काम माझं होतं.

ती वही माझ्याकडे आहे. लॅबचे जुने कागद रद्दीत निघाले तेव्हा मी ती गुपचूप घरी आणली. जपून ठेवायला आणली की कुणाच्या हाती लागू नये म्हणून, हे मी कधी स्वतःला विचारलं नाही. आज दुपारी ती काढली. तिच्यात ते ब्लेड खुणेसारखं घातलेलं होतं, पार गंजलेलं. पान तपकिरी झालंय, पण तुमची पेन्सिल अजून स्वच्छ वाचता येते.

पंधरा ओळींपुढे सहीचा रकाना कोरा आहे. त्या शनिवारी मी सह्या करायला नकार दिला होता. आता करून टाकाव्यात, म्हणून पेन उघडलं. पहिल्या चौकटीवर टेकवलंसुद्धा. आणि तुम्ही वही ओढून घेतलीत, अण्णा. खरंच, तसंच वाटलं. सही म्हंजे बघितलं. मी बघितलं नव्हतं. प्रबंध लिहिला, शाबासकी घेतली, प्रोफेसर झाले, पण ते तुमच्या डोळ्यांनी. त्या पंधरा ओळींवर सही करायचा हक्क मला तेव्हा होता, आज नाही. पेनाचा एक निळा ठिपका तेवढा पडलाय, तो तसाच राहू दे.

उद्या सकाळच्या एसटीने मी कळवणला निघतेय. वही, तुटलेले दोन्ही तुकडे आणि प्रबंध, तिन्ही बरोबर घेतली आहेत. वहिनींना, मंगलला आणि तिच्या भावाला समोर बसवून हे सगळं वाचून दाखवणार आहे. तिथे माझी जीभ अडखळली तर मंगलनेच शेऱ्याचा रकाना मोठ्याने वाचावा, असं तिला सांगणार आहे. 'चष्मा पुसून पाहिले' इथपर्यंत आली की तिला कळेल, तिच्या बापाची नजर कशी होती ते. त्यानंतर ती मला जे बोलेल ते मी ऐकून घेईन.

पंधराव्या ओळीत तुम्ही शेवटचं लिहिलंय, 'पुन्हा पाहिले. हलली नाही. शनिवारी ताई आल्यावर दाखवणे.' त्याच्याखाली बोटभर जागा रिकामी होती. सहीच्या नव्हे, शेऱ्याच्या रकान्यात. मी पेन मिटलं, घरात पेन्सिल शोधली आणि तुमच्यासारखंच बारीक अक्षरात लिहिलं:

'शनिवारी ताई आल्या. अण्णा दाखवत होते. ताईंनी पाहिले नाही.'

आणि त्याच्याखाली सही केली.